तीन सुया आणि चार आणे

नागोराव गजभारे यांचं स्वतःच्या कानांबद्दलचं मत फार चांगलं होतं. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी लाइनी तपासल्या. नुसती खरखर ऐकून, पाणी केबलमध्ये शिरलंय की सांध्यात, हे ते खुर्चीत बसून सांगायचे, आणि दहातल्या सात वेळा ते बरोबर निघायचं. उरलेल्या तीन वेळा माणसं भलत्याच ठिकाणी खड्डा खणून, घाम पुसत परत यायची. निरोपाच्या भाषणांत त्या खड्ड्यांचा उल्लेख कुणी केला नाही. आता तो उल्लेख ते स्वतःच करतात. गेल्या एप्रिलपासून ते स्वतःबद्दल अशा बऱ्याच गोष्टी सांगू लागलेत, आणि ही हकिकतही मूळ त्यांच्याच तोंडची आहे.

निवृत्त झाल्यावर लोक सारनाथला जाऊन येतात, गावाकडे एखादी खोली बांधतात. नागोरावांनी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घेतलं. बरकतपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे गीताबाईंनी नवा फ्रिज ठेवायचा म्हणून कोपरा मोकळा करून ठेवला होता, तिथे ते यंत्र आलं. पाठोपाठ पाणसळ आली, कारण यंत्र केसभरही तिरकं चालत नाही. मग सोनाराकडे असतो तसला चिमुकला वजनकाटा आला. आणि मग एकामागून एक तीन काट्रिजं आली.

काट्रिज म्हणजे काय हे नागोराव दारात आलेल्या गॅसवाल्यालाही समजावून सांगत. यंत्राचा जो हात रेकॉर्डवर टेकतो, त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी डबी असते, आणि डबीच्या पोटाखाली सुई. गाणं खरं म्हणजे ही सुई वाचते. बाकी सगळा पसारा तिने वाचलेलं मोठ्याने सांगायला. आता प्रत्येक गाणं एकाच सुईने कसं वाचायचं? कव्वाली, बँड, जुनी सिनेमाची गाणी यांना गोल टोकाची सुई. ती जरा भोळी असते, रेकॉर्ड घासलेली असली तरी चार गोष्टी पोटात घालते. ख्याल आणि सतार यांना लांबट टोकाची, म्हणजे तानपुरा मागे राहत नाही. आणि तिसरी, धारेसारखी बारीक, खाचेच्या तळापर्यंत उतरणारी. ती फार कडक. बाईने दोन कडव्यांच्या मधे श्वास घेतला तर तोही ती सांगते, आणि आपण रेकॉर्ड नीट पुसली नसेल तर तेही.

“तीन तीन सुया,” गीताबाई म्हणायच्या, “आणि बटण लावायला घरात एक सापडत नाही.”

पाहुणा आला की चहा उचलायच्या आधी तुलना व्हायची. तिन्ही काट्रिजं यंत्राच्या वेगवेगळ्या सुट्या डोक्यांवर बसवलेली, हाताच्या टोकाला पिळून लावायची की झालं. एकच गाणं, तीच ओळ, तीन सुयांनी. नागोराव ओळ वाजवत, हात उचलत, डोकं बदलत, पुन्हा तीच ओळ वाजवत आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत. पाहुणा म्हणायचा, “वा.” मग नागोराव विचारत, “कुठल्या सुईचं वा?” इथे बहुतेकांचा चहा थंड व्हायचा. साडेतीन वर्षांत या घरात एकही गाणं शेवटपर्यंत गेलेलं नाही, असं गीताबाईंनी एकदा हिशेब करून सांगितलं. नागोरावांना ती तक्रार वाटलीच नाही. ते म्हणाले, गाणं काय कुणीही ऐकतं.

आतल्या खोलीत त्यांची आई, विमलाबाई. वय ब्याऐंशी. कान गेलेले. कानाचं यंत्र होतं, पण ते त्या चष्म्याच्या डबीत ठेवून द्यायच्या. “निस्ती खरखर,” म्हणायच्या. खरखर ऐकण्यात छत्तीस वर्षं घालवलेला मुलगा घरात असताना आईने असं म्हणावं याचं नागोरावांना वाईट वाटायचं. पण तिला रेकॉर्ड ऐकवायची म्हणजे आवाज वाढवावा लागणार, आवाज वाढवला की सुईचा बारकावा जाणार. म्हणून आईला त्यांनी यातून वगळलं होतं.

या सगळ्या सरंजामाच्या मुळाशी मात्र एक साधी गोष्ट होती. नागोरावांच्या कपाटात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली, बशीएवढी एक छोटी रेकॉर्ड होती. एकाहत्तर सालची. तिच्यावरच्या लेबलावर छापलेलं होतं: एकनाथराव आणि पार्टी. खाली गाण्याची पहिली ओळ. गाणं कुणी लिहिलं ते नव्हतं.

ते नागोरावांच्या वडिलांनी, अप्पारावांनी लिहिलं होतं. अप्पाराव बिलोलीकडून हैदराबादला आले, काचीगुड्याला रेल्वेत खलाशी झाले, आणि दिवसभर इंजिनाखाली काम करून संध्याकाळी एकनाथरावांच्या गायन पार्टीत पेटी वाजवू लागले. जयंतीला, वास्तुशांतीऐवजी घराघरांत जो वंदनेचा कार्यक्रम व्हायचा त्याला, लग्नांना पार्टी जायची. एकनाथरावांचा गळा खडा. लेबलावर नाव गाणाऱ्याचं. लिहिणाऱ्याचं नाव कुठे, तर गाण्यातच. पार्ट्यांची ती रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो, की त्याने सही केली. कागद हरवो, लेबल उडो, जोवर गाणं आहे तोवर सही आहे.

आणि नेमकी या रेकॉर्डवरची सही पुसलेली होती. सगळं गाणं स्वच्छ. शेवटच्या कडव्याशी आलं की तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज, आणि त्याखाली अप्पाराव.

हे कुणी केलं, याबद्दल नागोरावांना जराही शंका नव्हती. चौऱ्याहत्तर साली एकनाथरावांच्या घरी लग्न होतं. त्यांनी रेकॉर्ड चार दिवस मागून नेली. त्या चार दिवसांत, नागोराव सांगत, त्या लोकांनी मुद्दाम तेवढीच जागा खराब केली. हे ते पन्नास वर्षं सांगत आले. लग्नांत, मयतीला, विहाराच्या पायरीवर. एकनाथराव वारले तेव्हा खांदा देऊन परत येतानाही त्यांनी शेजाऱ्याला हळू आवाजात सांगितलं होतं. अप्पाराव त्याच्याही आधी, एकोणनव्वद साली गेले होते. त्यांनी स्वतः मात्र याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. नागोरावांनी त्याचा अर्थ लावला, बाप मोठ्या मनाचा.

गेल्या वर्षी एकनाथरावांच्या नातवाने, संदेशने, तेच गाणं स्वतः म्हणून यूट्यूबवर टाकलं. तीस वर्षांचा मुलगा, विम्याच्या कंपनीत नोकरी, मराठी वाचताना अडखळणारा, पण गळा आजोबांचा. खाली त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं: गीत आणि मूळ स्वर, माझे आजोबा. नागोरावांचं डोकं फिरलं. त्यांनी खाली लांबलचक मजकूर लिहिला, त्यात ‘चोरी’ हा शब्द तीनदा आला. संदेशने अदबीने उत्तर दिलं: “काका, प्रूफ असेल तर दाखवा, मी चेंज करतो.”

तेवढ्यावर मिटलं असतं. पण यंदा जयंतीला विहाराच्या समितीने जुन्या गाण्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रत्येक गाण्याखाली कवीचं नाव. समितीचे सचिव हिम्मतराव नागोरावांना म्हणाले, “रेकॉर्डवर ऐकू आलं तर अप्पारावांचं छापू. नाही आलं तर गाणं एकनाथरावांच्या नावानं जाईल. सोमवारी छापायला देणार.” अप्पारावांनी आयुष्यात दुसरं काही मागे ठेवलेलं नव्हतं. जेवणाचा एक डबा, एक पेटी, आणि हे एक गाणं.

नागोराव रेकॉर्ड घेऊन आबिड्सला बबलूभाईंकडे गेले. बबलूभाई सत्तर वर्षांचे. तिथल्या एका गल्लीत जिन्याखाली बसून रेकॉर्डची यंत्रं दुरुस्त करतात, आणि सगळं शहर त्यांना अजून बबलूच म्हणतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, रेकॉर्ड दिव्याखाली फिरवली.

“माल एकदम अच्छा है मियाँ,” ते म्हणाले. “बस अंदर के दो-तीन चक्कर खराब हैं. उत्तेइच. बाकी सब चमक रा.”

“मुद्दाम केलंय ना कुणी?”

“जानबूझ के तो नै मालूम. पर वजन रख के बजाया कोई. सिक्का रखते थे ना लोगां, सुई उछली तो? वैसा. इत्तीच जगा, बार-बार.” त्यांनी भिंग काढलं. “पुरानी मोटी सुई ऊपर-ऊपर से चली. आपकी वो बारीक वाली नीचे तक जाती. नीचे कुछ बचा होएंगा तो मिल जाएगा. नै तो सबर करो.”

नागोरावांनी यातलं फक्त नाणं ऐकलं. पुरावा मिळाला! नाणं! एखाद्याने सुई घसरली असं म्हटलं असतं, पण नाणं ठेवायला हात लागतो, हाताला मन लागतं. घरी येईपर्यंत त्यांनी चार जणांना फोन करून सांगितलं. पाचवा फोन संदेशला: “रविवारी सकाळी ये. तुझ्यासमोर वाजवतो. आणि तुझ्या घरच्यांनी काय केलं होतं तेही दाखवतो.”

आईला त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला मनस्ताप. शेवटच्या कडव्यात काय आहे हे तिला विचारावं, हेही त्यांच्या मनात आलं नाही. तोंडी पुरावा समितीपुढे चालत नाही, असं ते आता सांगतात; पण लगेच पुढे म्हणतात की हे कारण नंतर सुचलेलं आहे. खरं कारण हे की माय स्वयंपाकघरातली, आणि गाणं बैठकीच्या खोलीतलं.

रविवारी संदेश बंगनपल्ली आंब्यांची पिशवी घेऊन आला. “जय भीम काका. जय भीम आजी.” त्याने वाकून विमलाबाईंच्या पायाला हात लावला. पाहुणा आला म्हणून विमलाबाईंनी कानाचं यंत्र घातलं आणि दिवाणावर अंबाडीची जुडी निवडत बसल्या. गीताबाईंनी आंबे आत ठेवले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना कळलं होतं की आज काहीतरी होणार.

नागोराव इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रापुढे उभे होते. आधी भाषण झालं. “सुईचा भार रेकॉर्डवर किती असावा? ग्रॅम, दोन ग्रॅम. पाव ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर मी झोपत नाही. आणि लोक,” इथे त्यांनी संदेशकडे पाहिलं, “लोक वर नाणी ठेवतात.” मग त्यांनी वजनकाट्यावर सुई टेकवून आकडा दाखवला. संदेशने मान हलवली.

पहिली, गोल सुई. गाणं सुरू झालं. एकनाथरावांचा तरणा, कडक आवाज खोलीभर झाला:

चुलीच्या उजेडात पाटी धर गं,
भीमानं दिलेली अक्षरं भर गं.

संदेश सरळ बसला. आजोबांचा त्या वयातला आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. शेवटचं कडवं आलं, तव्यावर पाणी चरचरलं, आणि नागोरावांनी हात उचलला. “ही भोळी सुई. हिला काय कळणार.”

दुसरी, लांबट. थेट शेवटच्या कडव्यावर ठेवली. चरचर जरा मागे सरकली, कुणीतरी दाराआडून बोलतंय असं वाटलं. हात उचलला.

मग तिसरी. नागोरावांनी श्वास रोखून ती टेकवली. चरचर होती, पण तिच्या मधून, अगदी स्पष्ट, टाचणीने टोचून काढावं तसं एक अक्षर वर आलं आणि त्याला जोडून दुसरं. राव.

“ऐकलं!” नागोरावांनी हात उचलला आणि दोन्ही मुठी आवळल्या. “ऐकलंस? राव! राव आलं!”

संदेश खाली बघत म्हणाला, “काका, गुस्सा नका होऊ. पण एकनाथरावमध्ये पण राव येतो.”

मराठवाड्यातले निम्मे पुरुष रावातच संपतात हे नागोरावांना एकदम आठवलं. ते स्वतःही. साडेतीन वर्षं, तीन काट्रिजं, पाणसळ, वजनकाटा, आणि हाती आलं ते एक राव. गीताबाईंनी पदर तोंडाला लावला.

माणूस हरायला लागला की आवाज चढवतो. “बरोबर आहे! आधीचं अर्धं ऐकू येणारच नाही! ते मारून टाकलंय! आबिड्सचे बबलूभाई भिंगातून बघून म्हणाले, नाणं ठेवून वाजवलंय कुणीतरी, पुन्हा पुन्हा, तेवढ्याच जागी. चौऱ्याहत्तर साली रेकॉर्ड कुणाच्या घरी होती? विचार तुझ्या वडलांना!” आणि पुराव्यादाखल त्यांनी सुई पुन्हा तिथेच टेकवली. चरचर, चरचर, राव. हात उचलला. “बघ! पुन्हा बघ!” चरचर, चरचर, राव. उचलला.

विमलाबाई मघापासून मान वर करून बघत होत्या. मुलगा घामाघूम झालाय, यंत्र काही नीट लागत नाही, एवढं त्यांना कळलं. त्यांना त्याची दया आली.

“नागो,” त्या म्हणाल्या, “चार आने ठिव की त्याच्या डोक्यावर. तू ठिवायचास नं, तसं. मंग लागते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती तीनदा बंद पडली.

“मी?” नागोराव म्हणाले. “कधी?”

“कवा म्हंजे? ल्हानपनी. शाळंतून आलास की दप्तर फेकायचं अन् हेच. बापाचं नाव आलं की उचल. पुन्हा ठिव. नाव आलं की उचल. मंग ते तिथं अटकाया लागलं, तर तू डब्यातले चार आने काडून ठिवलास वर. वर्सभर तेच चाललं तुझं.” त्या अंबाडीचं एक पान बाजूला काढत हसल्या. “मी म्हनलं, अवो, खराब होईल की ती रिकाड. तर तुझा बाप म्हनला, राहू दे, विमल. ऐकायलाय लेकरू.”

नागोरावांना ते सगळं आठवलं. विसरलेलं नव्हतंच, दुसरीकडे ठेवलेलं होतं. लाल झाकणाचं पेटीसारखं यंत्र, त्याच्यापुढे उकिडवा बसलेला नऊ वर्षांचा पोरगा, शाळेचा शर्ट, बोटांत चार आण्यांचं नाणं. नाव आलं की अंगावर काटा यायचा. माझ्या बापाचं नाव यंत्रातून येतं, हे सारखं सारखं तपासून बघावंसं वाटायचं. आणि दाराशी अप्पाराव उभे असायचे, हाताला काळं ग्रीस, बघत असायचे आणि काही बोलायचे नाहीत. आपली सही मुलगा रोज थोडी थोडी पुसतोय हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ती पुसू दिली.

नागोरावांना इतकी लाज वाटली की त्यांना बसावं लागलं. एकनाथरावांना खांदा देऊन परत येताना आपण काय बोललो होतो ते त्यांच्या कानांत वाजायला लागलं, आणि त्या कानांना तिथे एकही खरखर सापडली नाही. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. बापाने आपल्याला ऐकू दिलं, हे. त्यांचे डोळे भरून आले. संदेशसमोर रडायचं नव्हतं, तरी ते रडले.

“अन् तू उचलतोस कामून सारखं?” विमलाबाईंनी विचारलं. “पुढं जाऊ दे की. माझं नाव पुढंच हाय.”

“तुझं नाव?”

“मंग? गानं कुनासाठी हाय?”

नागोरावांनी मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं. नवव्या वर्षीही त्यांनी बापाचं नाव आलं की हात उचलला होता, आणि त्रेसष्टाव्या वर्षीही तेच करत होते. मधल्या काळात फक्त सुई महाग झाली होती.

त्यांनी तीच बारीक सुई पुन्हा टेकवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चरचर, राव, आणि त्याच्या पुढची खाच, जिथे पन्नास वर्षांत कुणी फारसं गेलंच नव्हतं, ती नव्यासारखी निघाली. एकनाथरावांचा आवाज धुतल्यासारखा वर आला, आणि दिवाणावरून विमलाबाई, कानाला यंत्र असूनही जरा मागेपुढे, पण एकही शब्द न चुकता सोबत म्हणू लागल्या:

अप्पाराव सांगे विमलला,
लाज सोड, पेन्सिल हाती घे;
आधी तुझं नाव लिही पाटीवर,
जागा उरली तर माझं घे.

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या वर्तुळात टक् टक् करत राहिली. या घरात एक गाणं शेवटपर्यंत गेलं होतं.

“आजी,” संदेश पुढे सरकला, “विमल म्हणजे तुम्ही?” त्याच्यासाठी त्या जन्मापासून गजभारे आजी होत्या, त्यांना नाव असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग तो एकदम हसत सुटला. “काका, आमच्या घरी या विमलवरून झगडे झालेत! आजोबा स्टेजवर ‘एकनाथराव सांगे भगिनींना’ म्हणायचे, मी तेच शिकलो. पण घरी आंघोळ करताना गायचे ना, तर निकल जायचं तोंडातून, विमलला. माझी आजी बाहेरून ओरडायची, कोण ही विमल? शेवटपर्यंत विचारत होती बिचारी.”

“सांगायचं व्हतं नं मला,” विमलाबाई म्हणाल्या. “मी येऊन सांगितलं असतं. चांगली बाई व्हती. लग्नात रिकाड नेली तवा फडक्यात गुंडाळून, वर फूल ठिवून वापस धाडली व्हती तिनं.”

ते मलमलीचं फडकं कपाटात होतं. नागोराव पन्नास वर्षं रेकॉर्ड त्यातच गुंडाळत होते.

गीताबाई आत गेल्या आणि जुन्या नाण्यांच्या डब्यातून चार आणे शोधून घेऊन आल्या. त्यांनी ते नाणं वजनकाट्यावर ठेवलं. काट्याने आकडा दाखवला: अडीच ग्रॅम. पाव ग्रॅमसाठी झोप न येणाऱ्या माणसाने तो आकडा वाचला आणि चष्मा काढून पुसला. संदेशला हसू आवरेना, आणि मग नागोरावांनाही.

त्यांनी आधी हिम्मतरावांना फोन लावला. गाणं कुणाचं ते सांगितलं, आणि नाणं कुणाचं तेही. पुस्तिका वाटताना जयंतीला हे मी स्वतः उभा राहून सांगणार, म्हणाले. ज्यांना मी दुसरं सांगितलंय ते सगळे तिथे असतील. मग त्यांनी मोबाइल घेऊन संदेशचा व्हिडिओ उघडला आणि खाली, ‘चोरी’ हा शब्द तीनदा आलेला आपला मजकूर पुसून टाकला. त्या जागी एका बोटाने, अडखळत लिहायला घेतलं: कवी: अप्पाराव गजभारे.

विमलाबाईंनी चष्मा लावला, मान तिरपी करून पडद्यावरचं एकेक अक्षर बोटाने वाचलं.

“आधी माझं लिही,” त्या म्हणाल्या. “गान्यात तसंच हाय.”

नागोरावांनी लिहिलेलं खोडलं. त्या ओठ हलवत बघत होत्या तोवर त्यांनी पुन्हा लिहिलं: जिच्यासाठी लिहिलं ती: विमलाबाई गजभारे. लिहिणारा: अप्पाराव गजभारे. गाणारे: एकनाथराव. थोडं थांबून, जागा उरली होती म्हणून, खाली आणखी एक ओळ टाकली: रेकॉर्ड खराब करणारा: पहिल्या दोघांचा मुलगा.

“खराब कुठं?” विमलाबाई म्हणाल्या. “लागायलीय की अजून. लाव पुन्हा.”